पाणी तोडण्याचे दिवस

बागकामावरील जी इंग्रजी पुस्तके इकडे आली, त्यांतील शरद ऋतूच्या अखेरीचे प्रकरण बहुधा एकाच सुरात लिहिलेले असते. पाने झडून गेली; आता गुलाबाच्या बुडाशी गवत पसरावे, कंद उकरून कोठारात ठेवावे, हत्यारांना तेल चोळावे आणि बर्फ वितळेपर्यंत बागेचे दार लावून घ्यावे. विलायतेत हे सर्व यथायोग्य आहे. परंतु जालन्याच्या मस्तगडात, एखाद्या जुन्या घराच्या परसात उभे राहून ते पान वाचणाऱ्याची फसगतच व्हावयाची. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागतात, तुळशीचे लग्न लागते, दुपारचे ऊन अंगाला लागत असते आणि पहाटे मात्र गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. अशा वेळी इकडील बाग निजत नाही. तिच्यातील काही झाडांचा भर कामाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो, आणि काहींना मात्र मुद्दाम, माणसाच्या हाताने, निजवावे लागते. कोणाला जागे ठेवावयाचे व कोणाला निजवावयाचे, हा निवाडा या दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम होय; आणि तो निवाडा अखेरीस विहिरीतील पाण्यावर येऊन ठेपतो.

पाण्याची ही चिंता या गावाला नवी नाही. मस्तगड हे आज वस्तीचे नाव झाले आहे; मुळात तो निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या काळी, १७२५ साली बांधलेला गढीवजा किल्ला. त्याच्या आत एक मोठी विहीर आहे आणि तिच्या पोटात ओवऱ्या व खोल्या काढलेल्या आहेत. त्याहूनही जुना मोती तलाव. मलिक अंबरच्या अमदानीत येथील कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने तो बांधविला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचे पाणी गावात खेळविले. ज्या गावाने तीन-चारशे वर्षांपूर्वी एवढा खटाटोप केला, त्या गावाला आकाशाचा भरवसा किती होता, हे निराळे सांगावयास नको.

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. युरोपातील कित्येक हिरव्यागार मुलखांना याहून अधिक पाऊस मिळत नाही. फरक आहे तो वाटणीत. तिकडे तो बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो. इकडे मृगापासून हस्तापर्यंत काय पडेल तेवढेच. चित्रा-स्वातीच्या सरी आल्या तर आल्या. स्वाती नक्षत्र उलटले की पुढे सात महिने आकाशाकडून काही मागावयाचे नाही. अवकाळी पाऊस येतो, पण तो बहुधा घेऊन जाण्यासाठीच येतो. म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला बागाईतदाराच्या हाती वर्षाचे सगळे पाणी जमा झालेले असते: काही विहिरीत, काही तळ्यात आणि बरेचसे, जे डोळ्यांना दिसत नाही ते, मातीत. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडतो. बागेची वहीदेखील याच पंधरवड्यात उघडली पाहिजे, कारण यानंतर तीत जमेच्या बाजूला काहीच यावयाचे नसते.

प्रथम मातीतील पाण्याविषयी. जालन्याची काळी जमीन पाणी उत्तम धरते, पण धरलेले पाणी ती सांभाळीत नाही. ओली असता ती फुगते, वाळू लागली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. भेग म्हणजे केवळ वरचे चिरणे नव्हे. ती हातभर, कधी त्याहूनही खोल जाते आणि तिच्या दोन्ही भिंतींवरून खालच्या थरातील ओल उडून जाऊ लागते. यास्तव पावसाळा संपताच, भेगा रुंदावण्यापूर्वी, वाफ्यांतील व आळ्यांतील माती खुरप्याने बोट-दीड बोट हलवून भुसभुशीत करावी. त्या मोकळ्या मातीने भेगांची तोंडे बुजतात. मग तिच्यावर पालापाचोळा, उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, जे हाती असेल त्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन पसरावे. पुष्कळ घरांतून याच दिवसांत परसातील पाला झाडून, ढीग करून जाळण्याची चाल आहे. अंगण स्वच्छ दिसते खरे, पण उन्हाळ्यापर्यंत मातीला झाकणारे पांघरूण आपल्याच हाताने जाळल्यासारखे ते होते.

परसातील जागी ठेवावयाची मंडळी ठाऊक असलेलीच आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा यांना हीच थंडी मानवते. धणे पेरण्यापूर्वी पायताणाखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडावे. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या झाल्या की उगवण दाट व लवकर होते. लसणाच्या गड्ड्यातील बाहेरच्या जाड पाकळ्या लावणीस ठेवाव्या आणि आतल्या बारीक फोडणीस घालाव्या. उलट केले तर पुढच्या वर्षी फोडणीपुरतेच उरते. मेथी एकदम सगळी न पेरता दहा-दहा दिवसांनी एक-एक वाफा पेरावा. या भाज्यांना पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी पाने भिजली तर ती रात्रभर ओली राहतात आणि अशा ओलाव्यात पानांवरील रोग वाढतात. मोरीचे पाणी मात्र पालेभाजीला नको. ते केळीच्या आणि कर्दळीच्या बुडाशी वळवावे. जुन्या घरांत केळ मोरीच्या मागेच का लावीत, त्याचे कारण हेच.

फुलझाडांत गुलाब दसऱ्याच्या सुमारास छाटलेला असतो. छाटणीनंतर सुमारे दीड महिन्याने, म्हणजे कार्तिक सरता सरता, तो फुलावर येतो. त्या वेळी कलमाच्या जोडाखालून फुटणारे रानगुलाबाचे कोंब ओळखून बुडापासून काढावे लागतात. ते जोमदार असतात म्हणून मालकाला त्यांचा मोह पडतो, आणि दोन वर्षांत कलम मरून रानगुलाब तेवढा शिल्लक राहतो. शेवंतीला काठ्यांचा आधार हवा. तुळशीचे लग्न होऊन गेले की तिच्या मंजिऱ्या खुडाव्या. बी धरू दिले तर झाड आपले आयुष्य आटोपते घेते. पुढील वर्षाच्या रोपांसाठी दोन-चार मंजिऱ्या ठेवल्या म्हणजे पुष्कळ झाले.

आणि मग मोगरा. बाकी सगळ्या झाडांना पाणी घालीत आलेला हात मोगऱ्यापाशी थांबला पाहिजे. कार्तिकापासून पौषापर्यंत त्याला पाणी तोडावयाचे. पाने निस्तेज होतील, काही गळतील. तिकडे लक्ष द्यावयाचे नाही. थंडी सरताना त्याची छाटणी करून, खत घालून पाणी दिले की चैत्रात तो अंगण भरून टाकतो. जो मनुष्य कळवळून हिवाळाभर मोगऱ्याला पाणी घालतो, त्याच्या घरी उन्हाळ्यात पाने दाट असतात आणि फुले शेजाऱ्याकडे.

मोगऱ्याची ही गोष्ट परसापुरती राहिली असती तर तिचे एवढे अगत्य नव्हते. परंतु गावाची वेस ओलांडली की याच नियमावर जालना जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचा संसार चालतो. जालन्याची मोसंबी हे या भागाचे खरे वैभव. २०१६ साली तिला भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. हे झाड नावाने आफ्रिकेतील मोझांबिकशी नाते सांगत असले, तरी मराठवाड्यात ते घरच्यासारखे रुजले आहे. मोसंबीच्या बागेत ‘पाणी तोडणे’ हा शब्द शेतकरी रोजच्या बोलण्यात वापरतात. त्यालाच ‘ताण देणे’ असेही म्हणतात.

ताण का द्यावयाचा? मोसंबी, संत्रे, लिंबू ही झाडे सदाहरित. ज्या देशांत हिवाळा कडक असतो तेथे थंडीच त्यांची वाढ थांबविते. झाड दोन-तीन महिने स्वस्थ बसते, त्याच्या फांद्यांत अन्नाचा साठा होतो, डोळ्यांतून पालवीऐवजी कळ्या तयार होतात, आणि वसंतात एकाच वेळी बहर फुटतो. जालन्याचा हिवाळा इतका सौम्य आहे की त्याच्या एकट्याच्या बळावर झाड विसावत नाही. पाणी मिळत राहिले तर ते पालवीमागून पालवी काढीत राहते, फुले वर्षभर तुरळक येतात, आणि कोणत्याच फळांचा एकत्र तोडा होत नाही. म्हणून थंडीने अर्धवट केलेले काम माणूस पाणी तोडून पुरे करितो. ही युक्ती केवळ दख्खनची नव्हे. सिसिली बेटातील लिंबाचे बागाईतदार भर उन्हाळ्यात, जून-जुलैत, झाडे कोमेजेपर्यंत त्यांचे पाणी बंद ठेवितात आणि मग एकदम देतात. त्या अवेळी बहरापासून पुढच्या उन्हाळ्यात मिळणाऱ्या हिरव्या लिंबांना, वेर्देल्लींना, बाजारात चांगली किंमत येते. दोन मुलूख एकमेकांना न विचारता एकाच वाटेने गेले.

मोसंबीचे बहर तीन. मृगाच्या पावसावर फुटणारा तो मृग बहर, भाद्रपद-आश्विनात येणारा हस्त बहर, आणि आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, फुलणारा आंबे बहर. या शेवटच्या बहराची तयारी कार्तिक-मार्गशीर्षात करावयाची असते. झाडावरील आधीची फळे उतरून घ्यावी. फळे लटकलेली असता दिलेला ताण अंगी लागत नाही. मग पाणी एकाएकी बंद न करिता पाळीपाळीने कमी करीत न्यावे आणि डिसेंबरच्या आरंभापर्यंत पुरते तोडावे. हलक्या, मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. भारी काळ्या जमिनीत दोन महिने, कधी थोडे अधिकही लागतात, कारण तेथे मुळांना खालची ओल बराच काळ मिळत राहते. दिवस मोजण्यापेक्षा झाड पाहावे. पानांची तकाकी गेली, ती पिवळसर झाली आणि पाव हिस्सा पाने गळली म्हणजे ताण बसला. त्यापुढे ओढले तर फांद्या वाळू लागतात. तो ताण नव्हे, तो छळ होय.

पूर्वी पुणे-नगरकडे ताणाच्या दिवसांत झाडाभोवतीची माती उकरून मुळ्या उन्हात उघड्या करीत आणि बारीक मुळ्या छाटूनही टाकीत. झाड लवकर निजे हे खरे, पण तुटलेल्या मुळ्यांतून रोग शिरे आणि बागेचे आयुष्य घटे. ही रीत आता टाकून दिली पाहिजे. काही ठिकाणी ती अजून जिवंत आहे. ताणाच्या काळात फार तर वरची माती हलकेच चाळून भेगा बुजवाव्या. चार-पाच वर्षांखालील झाडांना ताण देऊच नये. ती अजून शरीर कमावीत असतात. आणि ज्या बागेत मृग बहराची फळे झाडावर वाढत आहेत, तिचे पाणी या दिवसांत चुकूनही तोडावयाचे नाही. एकाच बांधाच्या अलीकडे पाणी तोडलेले आणि पलीकडे पाटाने सोडलेले, असे दृश्य नवख्या माणसाला वेडगळपणाचे वाटते. त्याचे कारण एवढेच की दोन्हीकडील झाडे निरनिराळ्या महिन्यांत जगत असतात.

इतके झाले तरी खरा प्रश्न पुढेच आहे. पाणी तोडण्याला पाणी लागत नाही. ते कोणालाही जमते. पण ताण देऊन आंबे बहर धरला की झाड फळांनी लगडते, आणि ती फळे चैत्र-वैशाखात पाणी मागतात. म्हणजे मार्गशीर्षात केलेला हा संकल्प ज्येष्ठात फेडावयाचा असतो. येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही.

मोसंबीची झाडे सहा-सहा मीटरांवर लावली तर एका हेक्टरात सुमारे २७७ बसतात. पूर्ण वाढलेल्या, फळे धरलेल्या झाडाला मे महिन्यात ठिबकने दिले तरी दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. शंभरच धरले तरी एका हेक्टराला दररोज साडेसत्तावीस हजार लिटरांवर पाणी हवे. आता सहा मीटर व्यासाची गोल विहीर घ्यावी. तिच्यातील एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. अर्थात हेक्टरभर बाग मे महिन्यात दर दिवशी विहिरीतील मीटरभर पाणी पिते, आणि विहिरीच्या झऱ्यांनी ते दर रात्री भरून काढले तरच व्यवहार चालतो. कार्तिकात सात-आठ मीटर पाणी पाहून छाती फुगणे स्वाभाविक आहे. पण झरे आटले तर ते आठ दिवसांचे पाणी आहे.

शेततळ्याचा हिशेबही असाच. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, उतरत्या बाजू धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. मार्चपासून मृगापर्यंतच्या शंभर दिवसांना वरील हिशेबाने २७ लाख ७० हजार लिटर हवे. शिवाय उघड्या तळ्यावरून उन्हाळ्यात दररोज सेंटिमीटरभर पाणी उडून जाते. तेव्हा एक भरलेले तळे हेक्टरभर बागेलाही एकट्याने पुरत नाही. त्याच्या जोरावर तीन हेक्टरांचा बहर धरणे म्हणजे जुगार.

२०१२ साली हा जुगार फार जणांच्या अंगाशी आला. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि २०१३च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा १९७२ नंतरच्या सर्वांत कठीण दुष्काळात सापडला. विहिरी तळाला गेल्या. लोकांनी पाण्याचे टँकर विकत घेऊन झाडांच्या आळ्यांत ओतले. ज्यांना तेही परवडेना त्यांनी उभ्या बागा वाळताना पाहिल्या आणि शेवटी कुऱ्हाड लावली. ज्वारी गेली तर एक हंगाम जातो. मोसंबीचे झाड पाच वर्षे पोसल्यावर नीट फळ देऊ लागते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे घर चालविते. ते गेले की मुलीच्या लग्नाचे, मुलाच्या शिक्षणाचे, कर्जाच्या हप्त्यांचे सगळे आडाखे एकदम कोसळतात. त्या उन्हाळ्यात बागा सर्वांच्याच गेल्या असे नाही. कडवंची गावात पाणलोटाची कामे आधीच झाली होती, शेकडो शेततळी होती. तेथील द्राक्षबागा तरल्या. मोसंबीतही ज्यांनी वेळीच फळे तोडून टाकली, फांद्यांची जड छाटणी केली, आळी पाचटाने झाकली आणि पानांवर केओलिनची पांढरी फवारणी करून उन्हाचा मारा परतविला, अशा काहींची झाडे पीक न देता का होईना, जगली.

त्या अनुभवावरून एवढे म्हणता येते की निर्णयाची वेळ वैशाख नव्हे, कार्तिक होय. या पौर्णिमेच्या आसपास, रात्रभर मोटर बंद ठेवून, सकाळी दोरीला दगड बांधून विहिरीची खोली मोजावी आणि थारोळ्याच्या दगडावर खूण करावी. दिवसाचा उपसा झाल्यावर पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्या सकाळी पाणी किती चढले ते पाहावे. दर आठवड्याला हेच. चार आठवड्यांत विहिरीचा स्वभाव कळतो. पाणी मृगापर्यंत पुरेल असा अंदाज आला तर आंबे बहर धरावा. अर्ध्याच बागेला पुरेल असे दिसले तर अर्धीच धरावी. मुळीच पुरणार नाही असे दिसत असेल तर हिवाळ्यात ताण देण्याचा नाद सोडून, झाडे नुसती जगवून, मृग बहराची वाट पाहावी. त्याचा ताण उन्हाळाच फुकट देतो. मृग लांबला तर तो बहर फसतो, हे खरे. तरी फसलेला बहर पुढल्या वर्षी पुन्हा धरता येतो, वाळलेले झाड येत नाही. बाजारात आंबे बहराच्या फळाला भाव चांगला असो वा नसो, ही गोष्ट भावाच्या आधी पाहावी. बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबीचे संशोधन केंद्र आहे; जमीन व बहर यांविषयी शंका असेल त्याने तेथे विचारावे. विहिरीची दोरी मात्र ज्याची त्यानेच टाकावयाची आहे.

ताणाच्या दिवसांत हात रिकामे राहत नाहीत. वाळलेल्या फांद्या, ज्यांना सल म्हणतात, त्या हिरव्या भागापर्यंत छाटाव्या. खोडावरून सरळ उभे वाढणारे पाणसोट काढावे. ते खातात फार आणि देत काही नाहीत. खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे आणि भांडे लोखंडाचे घेऊ नये. डिंक्या रोगापासून खोड वाचविण्यास याहून स्वस्त उपाय नाही. आळे दुहेरी करावे, म्हणजे खोडाभोवती मातीचा उंचवटा राहील आणि पाणी बुंध्याला न शिवता बाहेरच्या कड्यातच फिरेल. मार्गशीर्षात अवचित पाऊस पडून ताण मोडला तर हताश होऊ नये. वाफसा येताच वरची माती हलवून ती लवकर सुकू द्यावी आणि वाढ रोखणारे औषध तज्ज्ञाला विचारून फवारावे.

संक्रांतीच्या मागेपुढे, ताण बसलेला दिसला की शेणखत घालून पहिले पाणी द्यावे. ते अगदी हलके. त्याला आंबवणी म्हणतात. काही दिवसांनी दुसरे, त्याहून थोडे अधिक, ते चिंबवणी. तिसऱ्या पाळीपासून भरपूर. उपाशी माणसाला एकदम पंचपक्वान्नाचे पान वाढीत नाहीत, तसेच हे. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगतात, पालवी आणि कळ्या बरोबरीने बाहेर पडतात आणि बागेवरून येणारा वारा सुगंधी होतो. त्या सकाळीही, फुले पाहून झाली की, विहिरीत दोरी सोडून कार्तिकातील खुणेपासून पाणी किती उतरले ते मोजून ठेवावे.